बाळकुम ते डोंबिवली, एक अणुबॉम्ब घेऊन

आधीच सांगते, नकाशावर बघाल तर हसाल. बाळकुम, खोपट, कल्याण, डोंबिवली, सगळं ठाणे जिल्ह्यातच. याला प्रवास म्हणतात का? आमच्या सोसायटीतल्या बायका पडद्याचं कापड घ्यायला याहून लांब जातात. पण मी तीन दिवस फिरले आणि परत आल्यापासून एका जागी बसवत नाहीये, म्हणून लिहूनच टाकते. भरभर टाइप करतेय, चुका चालवून घ्या.

निमित्त होतं कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धेचं. ज्यांनी कधी बघितली नाहीये त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे एका कॉलेजची टीम दोघांची असते. एक जण विषयाला अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल. म्हणजे टीममेट हाच दुश्मन, पण गुण दोघांचे मिळून आणि करंडक कॉलेजला. कोणाची कुठली बाजू ते चिठ्ठी उचलून ठरतं, आणि एकदा ठरली की फायनलपर्यंत तीच. तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते कोणीही विचारत नाही. विषय होता, 'महायुद्ध संपवण्यासाठी अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय योग्यच होता.'

चिठ्ठी मी उचलली. अनुकूल.

माझा पार्टनर ओमकार, कळव्याचा, शेवटच्या वर्षाला आहे. तो जागच्या जागी नाचला. "वाचलो यार! मला लोकांना फक्त रडवायचंय. पटवायचं काम तुझं, केतकी."

"थांब तू," मी म्हटलं. "अशी पटवते ना, जपानी माणूस पण मान हलवेल."

हो, असं म्हणाले मी. लिहिताना आता कान गरम होतायत, पण म्हणालेले.

पहिला दिवस : खोपट

बाळकुमहून रिक्षाने खोपट. पहिली फेरी एसटी डेपोच्या मागच्या एका हॉलमध्ये होती. हॉल छान, पंखे छान, फक्त डेपोचा लाउडस्पीकर थेट खिडकीतून आत. माझ्या आधीची मुलगी बिचारी म्हणत होती, "आणि क्षणार्धात ते शहर..." तेवढ्यात बाहेरून आलं, "...फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." अख्खा हॉल हसला. ती पुढचं विसरली ती विसरलीच.

मी मात्र ठरवून टाकलेलं, स्पीकरपेक्षा मोठ्याने बोलायचं. युद्ध किती वर्षं चाललेलं, जमिनीवरून हल्ला केला असता तर दोन्हीकडची किती माणसं मेली असती, जपान शरण यायला कसा तयार नव्हता, सगळं धाडधाड. आणि शेवटी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर येऊन माझं हुकमी वाक्य, टेबलावर हात आपटून: "त्या खुर्चीत मी असते, तर मीही सही केली असती!"

टाळ्या! म्हणजे काय टाळ्या! मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली. मला इतकं भारी वाटलं की खाली येताना पायरीच दिसली नाही आणि मी परीक्षकांच्या टेबलावर जवळजवळ आडवी झाले. त्यांचं पाणी सांडलं. तरी आम्ही दुसऱ्या फेरीत.

डेपोसमोर मिसळ खाल्ली. ओमकार म्हणाला, "ते सहीचं वाक्य सोडू नकोस. फायनलपर्यंत तेच नेणार आपल्याला."

दुसरा दिवस : काशेलीचा पूल, कल्याण, आणि आत्या

कल्याणला जायला आम्ही बसच पकडली. बाळकुम संपलं की लगेच काशेलीचा पूल, खाली खाडी, पुढे काल्हेरची गोदामं, मग भिवंडी. रस्ताभर मेट्रोचे खांब आणि धूळ. खिडकी उघडली तर धूळ, बंद केली तर उकाडा. म्हणून आम्ही प्रॅक्टिस सुरू केली.

आता लक्षात येतंय की भरलेल्या बसमध्ये "बॉम्ब टाकायलाच हवा होता" असं खणखणीत आवाजात म्हणू नये.

पुढच्या सीटवरच्या काकांनी पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर माणसं बाजूला करत आमच्यापाशी आला. "काय रे, काय टाकताय? उतरवू का इथेच?"

"नाही हो दादा, स्पर्धा आहे! जपानचा बॉम्ब. जुना!" ओमकारने कॉलेजचं ओळखपत्र काढून नाचवलं.

कंडक्टरने ते नीट वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. "तू म्हणतेस टाकायला हवा होता?"

"मला चिठ्ठी आलीये तशी."

"म्हणजे उद्या दुसरी चिठ्ठी आली तर नको म्हणशील?"

"हो."

"कमाल आहे," तो म्हणाला. पण गेला नाही, तिथेच दांड्याला टेकून उभा राहिला. मग बसमध्ये जे सुरू झालं ते आमच्या स्पर्धेपेक्षा भारी होतं. पिशवीवाले काका म्हणाले, टाकला म्हणूनच थांबलं, नाहीतर अजून चाललं असतं. मागून एक जण म्हणाला, मग एकच पुरे होता, दुसरा कशाला? आणि काशेलीला चढलेली एक मावशी, मासळीची रिकामी पाटी पायाशी घेऊन बसलेली, ती इतका वेळ गप्प होती. ती मला म्हणाली, "पोरी, मना सांग. लरायला गेलेले ते बापये ना? मंग टाकला तो घरांवर कशाला? बायका-पोरां काय लरत होती का?"

माझ्याकडे याचं उत्तर लिहिलेलं होतं. मुद्दा क्रमांक तीन, त्या शहरांमधला लष्करी तळ आणि कारखाने. मी ते म्हटलंही. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरा बोलतेस गो. पाठ झालाय चांगला." आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

या नादात आमचा स्टॉप गेला. कंडक्टर आमच्याहून जास्त रंगलेला, त्यालाही कळलं नाही. दुर्गाडी किल्ला मागे टाकून पुढे उतरलो आणि उन्हातून उलटे पळत कॉलेज गाठलं. ओमकारच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर घामाचा भलामोठा डाग पडलेला. तो पूर्ण भाषण तसाच, पाठ भिंतीकडे ठेवून बोलला. परीक्षकांना वाटलं काय छान उभा राहतो.

माझं वाक्य पुन्हा चाललं. टेबल, हात, सही, टाळ्या. आम्ही फायनलला!

फायनल दुसऱ्या दिवशी डोंबिवलीत, म्हणून ओमकार कळव्याला घरी गेला आणि मी डोंबिवलीला आत्याकडे राहायला. आत्या एमआयडीसीच्या निवासी भागात राहते. तिथे एक गोष्ट वेगळीच आहे. आमच्याकडे बाळकुमला लोक हवा कशी आहे विचारतात, ऊन फार आहे, ढग आलेत वगैरे. आत्याच्या बिल्डिंगमध्ये वास विचारतात. मी जिना चढत असताना वरच्या मजल्यावरच्या काकू खालच्यांना विचारत होत्या, "आज कसला हो?" आणि खालून उत्तर आलं, "सडक्या कोबीचा. वारा फिरला की जाईल."

दुसरी गोष्ट चपलांची. आमच्याकडे चपला दाराबाहेर. आत्याकडे प्रत्येक पलंगाच्या खाली एकेक जोड, आणि ती रोज संध्याकाळी बघते की सगळे जागेवर आहेत ना. मी लहान असताना तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला तेव्हा सगळ्या बिल्डिंगच्या काचा घरात आल्या. लोक अनवाणी धावले, पाय कापले. तेव्हापासून त्या गल्लीतल्या बऱ्याच घरांत अशा चपला असतात. आत्याच्या खिडक्यांना आता काच नाहीच, जाड प्लास्टिकचे पत्रे आहेत, त्यातून समोरची झाडं पाण्यात बुडाल्यासारखी दिसतात.

आणि काका. आत्याचे मिस्टर. स्फोटाच्या दिवशी ते घरीच होते, कारखान्यापासून चांगले लांब. आत उजेड कमी म्हणून पेपर घेऊन खिडकीपाशी उभे राहिलेले. काच लागून त्यांचा डावा डोळा गेला. त्याआधी ते पोरांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचे. आता चहा ओतताना कपाच्या कडेवर बोट ठेवतात, नाहीतर धार बाहेर पडते.

हे सगळं मला माहीत होतं हो. घरातलंच आहे, लहानपणापासून बघतेय. फक्त माझ्या डोक्यात काकांचा डोळा एका कप्प्यात होता आणि माझं भाषण दुसऱ्या.

चहा झाल्यावर काका म्हणाले, "फायनलला गेलीस म्हणे. म्हणून दाखव की."

मी उठले. दिवाणासमोर उभी राहिले आणि सुरू. काकांची मान माझ्याकडे थोडी तिरकी, उजव्या डोळ्याने बघायला म्हणून. मी पूर्ण जोशात. मुद्दा तीन, कारखाने. मुद्दा चार, थोडे गेले म्हणून जास्त वाचले. आत्या मध्येच "कुकर बघते" म्हणून उठून गेली. कुकर लावलेलाच नव्हता. ते मला कळेपर्यंत मी शेवटाला पोचलेले, हात वर होता, तोंडातून निघून गेलं, "मीही सही केली असती!"

टीपॉय आपटायचं धाडस नाही झालं. हात तसाच खाली आणला.

"आवाज चांगला लागतो तुझा," काका म्हणाले.

"काका, ते फक्त चिठ्ठीमुळे..."

"अगं, मला राग नाही आला. उलट मी विचार करत होतो, त्या लोकांचं किती बरं."

"कोणाचं?"

"जपान्यांचं." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. वरच्या कप्प्यात एक फुगलेली फाइल आहे, घरात सगळ्यांना माहितीये. "मी दर सहा महिन्यांनी सरकारकडे अर्ज करतो. त्या दिवशी कारखान्यातलं ते यंत्र चालू ठेवा, असं कोणी सांगितलं? एवढंच विचारतो. उत्तर येतं, चौकशी चालू आहे. आमच्याकडे कोणी ठरवलंच नव्हतं ना. झालं, एवढंच. त्यांच्याकडे निदान सही आहे. एक माणूस आहे, हा बघ, याने ठरवलं, असं म्हणता येतं."

आत्या आतून म्हणाली, "आता पुरे हं. पोरीला जेवू दे."

"उद्या मी येतो ऐकायला," काका म्हणाले.

"नको ना काका, गर्दी असते. उकाडा असतो."

"रिक्षाने दहा मिनिटं. पुढे बसेन."

तिसरा दिवस : डोंबिवली

सकाळी उठून गॅलरीत बसले. भाषणातलं सहीचं वाक्य काढायचं ठरवलं होतं. टाळ्या गेल्या तरी चालतील, पण काकांसमोर ते नको. मग म्हटलं, निदान ती सही बघू तरी. दोन दिवस मी टेबल आपटून जिच्याबद्दल बोलतेय ती दिसते कशी? आमच्या लायब्ररीतल्या पुस्तकात नव्हती. फोनवर शोधायला लागले.

सापडली. म्हणजे कागद सापडला, पण त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही नव्हती.

लेखी हुकूम एका लष्करी अधिकाऱ्याच्या सहीने निघालेला. राष्ट्राध्यक्ष तेव्हा जर्मनीत परिषदेला. हुकमात चार शहरांची नावं, आणि हवामान साथ देईल तसं टाका, पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाका. राष्ट्राध्यक्षांना माहीत होतं, नंतर त्यांनी निर्णय माझाच होता असंही सांगितलं, पण 'आज मी असं ठरवतो' असा त्यांच्या सहीचा कागद मला तरी सापडला नाही. दुसऱ्या वेळी तर विमान वेगळ्याच शहरावर बॉम्ब टाकायला निघालेलं. तिथे खालचं काही दिसेना, म्हणून ते पुढे गेलं आणि बॉम्ब नागासाकीवर पडला. आणि राष्ट्राध्यक्षांनी स्वतः ठामपणे काढलेला जो हुकूम मला सापडला तो कुठला माहितीये? तिसरा मला विचारल्याशिवाय टाकू नका. थांबवायचा.

काका चहा घेऊन बाहेर आले, कपाच्या कडेवर बोट. "झाली तयारी?"

"हो," मी म्हटलं. त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. फोन उलटा ठेवला.

ओमकारला फोन केला. "ओम्या, बाजू बदलता येईल का रे?"

"वेड लागलंय का तुला? डिसक्वालिफाय करतील. केतू, माझं शेवटचं वर्ष आहे, प्लीज. जे चाललंय तेच बोल आणि मोकळी हो."

सभागृह भरलेलं. काका खरंच पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, एकदम डावीकडच्या खुर्चीत, म्हणजे उजव्या डोळ्याने अख्खं स्टेज दिसावं. आत्या शेजारी. ओमकार माझ्या आधी बोलला, आणि काय बोलला! दोन बायका पदराने डोळे पुसत होत्या. मग मी.

मी ठरवल्याप्रमाणे बोलत होते. हळू, टेबलापासून लांब. पहिली घंटा झाली, म्हणजे एकच मिनिट उरलं. शेवटचा परिच्छेद बदललेला होता, शांतपणे संपवायचं होतं. पण तेच भाषण मी बसमध्ये, रिक्षात, आंघोळ करताना इतक्या वेळा घोकलं होतं की जीभ आपली आपण जुन्या रस्त्याने गेली. हात वर गेला, टेबलावर धाड. "त्या खुर्चीत मी असते, तर मीही सही केली असती!"

टाळ्या. सगळ्यात मोठ्या. मला काकांकडे बघवेना.

फायनलला एक नियम असतो, प्रत्येक वक्त्याला प्रेक्षकांमधून एक प्रश्न. निवेदिकेने विचारलं, "कोणी विचारेल का?" मागे तीन-चार हात वर झाले. पुढे एकच झाला. माइक त्याच हातात गेला, कारण जवळ होता.

काका उभे राहिले. मला ते अहो-जाहो करत होते! "ताई, आपण छान बोललात. आपण म्हणालात, मीही सही केली असती. 'मीही' म्हणजे आधी कोणीतरी केलेली आहे. ती कोणाची?"

ओमकार विंगेतून तोंड मोठं करून मला आवाज न काढता सांगत होता, रा-ष्ट्रा-ध्य-क्ष. सोपं होतं. सभागृहात कोणालाही शंका आली नसती. काका मान तिरकी करून वाट बघत होते. त्यांना तेच उत्तर हवं होतं. जगात कुठेतरी कोणीतरी सही करतो, एवढंच.

"त्या कागदावर एका लष्करी अधिकाऱ्याची सही आहे," मी म्हटलं. "राष्ट्राध्यक्षांची नाहीये. मी आज सकाळी बघितलं." आणि मग थांबताच येईना. चार नावं, हवामान, खालचं दिसत नाही म्हणून बदललेलं शहर, तिसऱ्याच्या वेळचा हुकूम, सगळं सांगून टाकलं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली.

"मग निर्णय कोणाचा म्हणायचा?" काका म्हणाले.

निवेदिका म्हणाली, "काका, एकच प्रश्न विचारता येतो."

पण मी उत्तर दिलं. "मला माहीत नाही."

दुसरी घंटा. वेळ संपली.

करंडक गेला, अगदी थोडक्यात. परीक्षक म्हणाले, "अनुकूल बाजूच्या वक्त्याने स्वतःच्या विषयातला 'निर्णय' हा शब्दच काढून घेतला. मग उरलं काय?" सगळे हसले. ओमकारला उत्कृष्ट प्रतिकूल वक्त्याचं पदक मिळालं. ते गळ्यात घालून तो माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेला. (कालपासून बोलायला लागलाय. "बिनडोक" म्हणून मेसेज केला, म्हणजे ठीक आहे सगळं.)

आत्या मैत्रिणीशी बोलत राहिली. मी आणि काका बाहेर चहाच्या टपरीवर. मी त्यांच्यावर उखडलेच. "काका, हा काय प्रश्न होता? तुम्ही हरवलंत आम्हाला! बाकीचे विचारणारच होते ना काहीतरी!"

"अगं, मला खरंच बघायचं होतं, ती सही कोणाची."

"घरी विचारायचं ना!"

"घरी तू फोन उलटा ठेवलास."

त्यांनी दोन चहा सांगितले.

"वाईट वाटलं का, काका?"

"वाटलं," ते म्हणाले. "तिथे तरी असेल असं वाटायचं." मग चहाचे ग्लास आले, त्यांनी एक माझ्याकडे सरकवला. "पण एक सांगू? इतक्या वर्षांत मला कितीतरी साहेबांनी उत्तरं दिली. समोर बसून, पत्राने, फोनवर. माहीत नाही असं तोंडाने एकानेही म्हटलं नाही गं. तू माइकवर म्हणालीस."

मी बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून तळाला गेलं.

"आता मला तुझी बाजू सांग," काका म्हणाले. "ते भाषण नको. ते लोक टाकायला का निघाले ते सांग. मला खरंच ऐकायचंय."

मी त्यांच्या उजव्या हाताला सरकून बसले आणि सांगायला लागले. या वेळी मुद्दे नव्हते. जहाजांवर वाट बघत बसलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, त्यांनी घरी लिहिलेली पत्रं, रोज तार येईल म्हणून दारात उभ्या असलेल्या आया. जपानने ज्या देशांवर कब्जा केलेला तिथली उपाशी माणसं, रोज मरत होती ती. सगळ्यांना एकच हवं होतं, हे आता संपू दे, कसंही. सांगता सांगता मलाच पहिल्यांदा ते पटायला लागलं. स्पर्धेत पाच मिनिटं असतात. इथे दोन चहा आणि एक वडापाव झाला तरी मी बोलतच होते. टाळी वाजवायला कोणी नव्हतं, आणि हात आपटायला टपरीचं फळकूट होतं पण ते लक्षातही आलं नाही.

काकांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "त्यांचीही पोरंच होती की."

"हो ना, काका."

"कोणालाही वाटेल, संपवा एकदाचं. मलाही वाटलं असतं." त्यांनी ग्लासातला शेवटचा घोट घेतला. "तरी पण..."

मी पुढचं ऐकायला थांबले. आत्या आली, रिक्षा आली, आम्ही बसलो, घरी पोचलो. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मला बाळकुमला परत येऊन चार दिवस झालेत आणि मी अजून थांबलेय.